वास हरवलेला मासा: जड धातू गोड्या पाण्यातल्या माशांचं काय करतात

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली माशांबद्दलही एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. मिनो नावाच्या छोट्या माशांच्या थव्यात एक जखमी मिनो परत आला, की बाकीचे घाबरून पांगतात. जखमी मासा ओरडत नाही, तडफडून इशाराही देत नाही. त्याच्या फाटलेल्या कातडीतून एक रसायन पाण्यात मिसळतं आणि त्याचा वास येताच इतरांना कळतं, की इथे कुणीतरी कुणाला तरी खातंय. हा वासच त्यांची आरोळी.

आता त्याच पाण्यात अगदी थोडं तांबं मिसळलं आहे असं समजू. थोडं म्हणजे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. कोहो जातीच्या सॅमनच्या पिल्लांना लिटरमागे 2 ते 20 मायक्रोग्रॅम तांबं असलेल्या पाण्यात तीन तास ठेवून त्यांची वास घेण्याची ताकद मोजण्यात आली. तांब्याचं प्रमाण जसं वाढलं, तसं नाक मंद होत गेलं. निरोगी पिल्लांना धोक्याचा वास आला, की ती जागच्या जागी थिजतात, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत. तांब्याच्या पाण्यातून आलेली पिल्लं मात्र काहीच घडलं नसल्यासारखी पोहत राहिली. पुढच्या प्रयोगांत अशी पिल्लं शिकारी ट्राउटच्या तोंडी अधिक सहज सापडतात, हेही दिसलं.

लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात साधारण 25 लाख लिटर पाणी असतं. त्यात 5 ग्रॅम तांबं विरघळवलं, की झालं एवढं प्रमाण.

या पिल्लांपैकी एकही तांब्याने मेलं नाही. ती मेली ट्राउटच्या पोटात जाऊन. नदीत असं घडलं तर कुणालाही मेलेला मासा तरंगताना दिसणार नाही आणि कुणी पंचनामाही करणार नाही. जड धातूंचं प्रदूषण म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे येतात. तसंही घडतं, खाणीचा बांध फुटला किंवा कारखान्याची टाकी फुटली म्हणजे. पण धातूंचा रोजचा उद्योग याहून फार गुपचूप चालतो. ते माशाला जिवंत ठेवतात आणि जगण्याचं कसब तेवढं काढून घेतात.

‘जड धातू’ या शब्दाबद्दलही एक खुलासा हवा. रसायनशास्त्रज्ञांना हा शब्द फारसा आवडत नाही, कारण त्याची एकच एक पक्की व्याख्या नाही. व्यवहारात त्यात पारा, शिसं, कॅडमिअम, तांबं, जस्त, निकेल, क्रोमिअम येतात. आर्सेनिक आणि सेलेनिअम पूर्ण धातू नाहीत, पण वागणूक तशीच असल्यामुळे त्यांनाही त्याच पंगतीत बसवतात. यातली तांबं, जस्त आणि सेलेनिअम तर माशाला जगायलाच लागतात, मात्र चिमूटभर. पारा, शिसं, कॅडमिअम यांचं शरीरात काहीच काम नाही. धातूंची आणखी एक खोड म्हणजे ते कुजत नाहीत. कीटकनाशकाचा रेणू कधी ना कधी तुटतो. शिशाचा अणू हजार वर्षांनीही शिशाचाच असतो. तो फक्त जागा बदलतो.

कल्ल्याच्या दारात

माणसाला पिण्याच्या पाण्यात तांबं किती चालतं? जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम. ज्या प्रमाणाने सॅमनचं नाक बधिर होतं, त्याच्या शेकडो पट. म्हणून ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ हा दाखला माशाच्या काही कामाचा नाही. आपण पाणी पितो, मासा पाण्यात श्वास घेतो. आपल्यात आणि त्या पाण्यात आतडं आणि यकृत अशा दोन चौक्या आहेत. माशाच्या कल्ल्यात रक्त आणि नदी यांच्यामधला पडदा असतो जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा. प्राणवायू पटकन आत यावा म्हणून तो इतका पातळ असतो.

गोड्या पाण्यातल्या माशाची एक कायमची अडचण असते. त्याचं रक्त खारट, भोवतालचं पाणी अळणी. रक्तातलं सोडिअम बाहेरच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहतं आणि मीठ सतत बाहेर पाझरत राहतं. मासा मुद्दाम पाणी जवळजवळ पितच नाही. आत घुसलेलं पाणी तो भरपूर पातळ लघवी करून फेकतो आणि हरवलेलं मीठ कल्ल्यातल्या खास पेशींच्या पंपांनी पाण्यातून एकेक कण वेचून परत मिळवतो. भोक पडलेल्या होडीत बसून ओंजळीने पाणी उपसत राहावं, तसं हे आयुष्यभर चालतं.

नेमक्या याच पेशींवर धातूंचा डोळा असतो. तांबं सोडिअमच्या दारातून आत शिरतं आणि सोडिअमचा पंप अडवतं. कॅडमिअमचा आयन आकाराने कॅल्शिअमच्या आयनाएवढाच असतो, त्यामुळे तो कॅल्शिअमच्या दारातून आत घुसतो. जस्त आणि शिसंही त्याच वाटेने जातात. दारावरच्या पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहिलं, पण फोटो नीट पाहिला नाही, तसला प्रकार. पंप बंद पडले, की मीठ पाझरत राहतं आणि भरपाई होत नाही. रक्तातल्या सोडिअमचा साधारण तिसरा हिस्सा गेला, की रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरायला लागतं, रक्त घट्ट होतं आणि हृदय थकून थांबतं. भरपूर तांब्याने मासा मरतो तो असा. गुदमरून मेल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा खरं कारण मीठ असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली अशा माशाचे कल्ले पाहिले, तर फण्याच्या दातांसारख्या नाजूक पापुद्र्यांवरची कातडी फुगून सुटलेली दिसते, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात आणि वर चिकट द्रवाचा थर असतो. हा बचावच असतो. धातू आत येऊ नये म्हणून मासा भिंत जाड करतो. पण भिंत जाड झाली, की प्राणवायूही आत येत नाही. उन्हाळ्यात हे अधिक महागात पडतं. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. मग तो कल्ले जोरजोरात हलवतो, त्यांवरून जास्त पाणी जातं आणि त्या पाण्यातून जास्त धातू येतो.

तेच तांबं, वेगळं पाणी

सगळ्या विषयात सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट मला हीच वाटते. दोन तळ्यांमध्ये तांब्याचं प्रमाण अगदी सारखं असेल, तरी एकात मासे मजेत राहतील आणि दुसऱ्यात मरतील.

साबणाला फेस येत नाही अशा दुष्फेन पाण्यात कॅल्शिअम भरपूर असतं. ते कल्ल्याच्या दारात आधीच गर्दी करून उभं असतं, त्यामुळे कॅडमिअमला किंवा तांब्याला शिरायला जागा कमी मिळते. झऱ्याच्या मऊ, नितळ पाण्यात दार मोकळंच असतं. पानं कुजून चहाच्या रंगाचं झालेलं पाणी आपल्याला घाण वाटतं. पण त्या रंगातले सेंद्रिय रेणू तांब्याला घट्ट धरून ठेवतात आणि असं बांधलेलं तांबं माशाला फारसं बाधत नाही. पाणी आम्लधर्मी झालं, की हिशोब पुन्हा बदलतो, कारण गाळात बसलेले धातू सुटे होऊन पाण्यात येतात. म्हणजे आरशासारखं स्वच्छ, मऊ पाणी धातूंच्या बाबतीत माशासाठी सर्वांत धोक्याचं ठरू शकतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2007 मध्ये गोड्या पाण्यातल्या तांब्यासाठी ठरवलेला निकष याच विचारावर बेतला. त्यात सर्व नद्यांना एकच आकडा दिलेला नाही. पाण्याचं तापमान, आम्लता, कॅल्शिअम, सेंद्रिय कार्बन असं सगळं गणितात घालून त्या त्या पाण्याची मर्यादा काढायची असते. म्हणून ‘नदीत तांबं इतकं सापडलं’ एवढीच बातमी वाचली, तर त्यावरून माशांचं काय होणार ते सांगता येत नाही. पाणी कसलं आहे, हा प्रश्न आधी.

तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचंच सल्फेट. मऊ पाण्याच्या तळ्यात नेहमीच्या अंदाजाने मोरचूद टाकलं, की शेवाळाबरोबर मासेही का जातात, याचं उत्तर वरच्या दोन परिच्छेदांत आहे.

आत शिरल्यावर

रक्तात पोहोचलेला धातू यकृत आणि मूत्रपिंडाकडे जातो. तिथे मासा मेटॅलोथायोनीन नावाची प्रथिनं बनवतो. 1957 साली ती पहिल्यांदा घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली. या प्रथिनातला जवळजवळ प्रत्येक तिसरा दुवा सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचा असतो आणि गंधकाला धातू चिकटतात. थोडक्यात, हे प्रथिन म्हणजे धातूंची कोठडी. कॅडमिअम असं कोंडलेलं असलं तर बराच काळ त्रास देत नाही. पण कोठड्या बांधायला प्रथिनं आणि ऊर्जा लागते आणि ती वाढीच्या व अंड्यांच्या खात्यातून वळती होते. कॅनडातल्या खाण-भागातल्या तळ्यांत पर्च जातीचे मासे धातूंनिशी जगतात, पण स्वच्छ तळ्यांतल्या भाऊबंदांपेक्षा बारीक आणि खुरटे राहतात.

या पर्चचीच आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. निरोगी मासा जाळ्यात सापडला, की त्याच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक झपाट्याने वाढतं. पळायला, झुंजायला लागणारी साखर त्यामुळे मोकळी होते. दीर्घकाळ प्रदूषित पाण्यात राहिलेल्या पर्च आणि पाइक माशांमध्ये संशोधकांना ही वाढ नीट दिसलीच नाही. पकडलं तरी संप्रेरक थंड. वरून पाहणाऱ्याला असा मासा शांत वाटेल. त्याची धोक्याची घंटा वाजून वाजून निकामी झालेली असते. थंडीची लाट, रोगाची साथ किंवा शिकारी आला, की हिशोब चुकता होतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाव दुसऱ्याचंच लागतं.

शिशाची खूण मात्र डोळ्यांना दिसते. शिसं रक्तातलं हीम (प्राणवायू धरून ठेवणारा घटक) बनवणारं एक विकर अडवतं आणि नसांना इजा करतं. ट्राउटमध्ये दीर्घकाळच्या शिशाने आधी शेपटीकडचा भाग काळा पडतो आणि मग कणा वाकडा होतो. कॅडमिअमनेही कॅल्शिअमची घडी विसकटून मणके कमकुवत होतात. सहा संयुजेचं क्रोमिअम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, कल्ल्याच्या पडद्यातून सहज आत जातं आणि पेशीत तीन संयुजेचं होता होता तिथली मोडतोड करतं. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही.

धडधाकट आईबाप, वाकडी पिल्लं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या बेल्यूज तळ्यात 1970च्या दशकात कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून पाणी येत असे. त्यातून सेलेनिअम आलं, लिटरमागे साधारण 10 मायक्रोग्रॅम. माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची सध्याची मर्यादा 40 आहे. पाणी स्वच्छ दिसत होतं, मोठे मासे बऱ्यापैकी धडधाकट दिसत होते. तरीही काही वर्षांत तळ्यातल्या 20 जातींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या.

सेलेनिअम पाण्यातून प्लवकात (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत), प्लवकातून किड्यांत, किड्यांतून माशात गेलं आणि मादीने ते अंड्याच्या बलकात भरलं. अंडी फुटली. पिल्लू बलक शोषून घेऊ लागलं आणि आईने बांधून दिलेल्या शिदोरीतूनच विष मिळालं. वाकडा कणा, सुजलेलं पोट, उघडाच राहिलेला जबडा. अशी पिल्लं थोड्याच दिवसांत मरतात आणि इतकी चिमुकली असतात, की त्यांचा खच कुणाला दिसत नाही. मोठे मासे वयाने मेले आणि त्यांची जागा घ्यायला कुणी नव्हतं. नुसते मोठे मासे मोजून तळ्याची तब्येत ठरवणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

इतर धातूंबाबतही अंडं आणि नुकतंच पोहायला लागलेलं पिल्लू या सहसा सर्वांत हळव्या अवस्था असतात. म्हणून प्रयोगशाळेत मोठा मासा चार दिवस जगला, एवढ्यावरून ‘सुरक्षित’ म्हणणं हे मला फसवं वाटतं.

सगळा दोष डोळे झाकून धातूंवर टाकायचा नाही, हेही खरं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरांमधल्या ओढ्यांत कोहो सॅमन अंडी घालण्याआधीच पावसानंतर पटापट मरत होते. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात ब्रेकच्या घर्षणाने झडलेलं तांबं आणि जस्त असतंच, त्यामुळे त्यांच्यावर संशय जाणं साहजिक होतं. 2020 मध्ये खरा मारेकरी सापडला तो टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ. तांबं या खुनातून सुटलं. नाक बधिर करण्याचा आरोप मात्र त्याच्यावर कायम आहे आणि त्याच राज्यात 2010च्या कायद्याने ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं आहे.

पाऱ्याचा वेगळा हिशोब

तांबं अन्नसाखळीत वर वर चढत जात नाही, पारा चढतो. धूर, खाणी, कारखाने यांतून आलेला साधा पारा तळ्याच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या गाळात पोहोचतो. तिथले जिवाणू त्याला कार्बनची एक शेपटी जोडतात आणि मिथाइल पारा तयार होतो. हा पदार्थ प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून स्नायूंत जाऊन बसतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. प्लवकात थोडा, ते खाणाऱ्या किड्यात जास्त, छोट्या माशात आणखी जास्त. सर्वांत वरच्या शिकारी माशात त्याचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट होऊ शकतं. तो चरबीत नव्हे, मांसाच्या प्रथिनात असतो, म्हणून धुऊन, शिजवून, तळून जात नाही. कल्ले लाल, डोळे चमकदार, मांस घट्ट, सगळं ताजं दिसतं आणि पारा आत तसाच असतो. माशाच्या स्वतःच्या बाबतीत तो मेंदू आणि प्रजनन बिघडवतो. संप्रेरकं घटतात, अंडी घालणं लांबतं किंवा राहूनच जातं.

कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ड्रायडन इथल्या कागद कारखान्याच्या रसायन विभागातून 1962 ते 1970 या काळात वाबिगून नदीत सुमारे 10 टन पारा गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज हे मूलनिवासी लोकांचं गाव आहे. वॉलआय मासा हे त्यांचं अन्न आणि मासेमारी ही रोजीरोटी. 1970 मध्ये मासेमारीचा धंदा बंद करावा लागला. कारखान्याचं सोडणं थांबलं, पण पन्नास वर्षांनंतरही तिथल्या माशांत पारा सापडतो, कारण तो गाळात साठलेला आहे आणि जिवाणूंचं काम सुरूच आहे. गाळ ही धातूंची मुदत ठेव आहे. पूर आला, तळ ढवळला, पाणी आम्ल झालं, की त्यातून थोडी थोडी रक्कम निघत राहते.

त्याच ओंटारिओत याच्या अगदी उलट बाजू दाखवणारा प्रयोग झाला. संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका तळ्यात शास्त्रज्ञांनी 2001 पासून सात वर्षं जाणूनबुजून पारा सोडला. तो वेगळ्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा होता, जणू नोटांवर खूण करून ठेवावी तसा. तळ्याच्या पाण्यावर एक, काठच्या दलदलीत दुसरा, वरच्या जंगलात तिसरा. मग माशांच्या अंगात कुठली खूण सापडते ते पाहत राहिले. माशांत वाढलेला पारा जवळजवळ सगळा तळ्याच्या पृष्ठभागावर टाकलेलाच होता. सात वर्षांनी टाकणं थांबवलं. पुढच्या आठ वर्षांत खूण केलेल्या मिथाइल पाऱ्याचं प्रमाण पाइक माशांमध्ये 76 टक्क्यांनी आणि व्हाइटफिशमध्ये 38 टक्क्यांनी उतरलं.

हे वाचून वाटेल, की माशांनी अंगातला पारा बाहेर टाकला. थोडा टाकलाही असेल. पण मोठा मासा साठवलेला मिथाइल पारा सहजासहजी सोडत नाही. आकडा उतरला तो मुख्यतः पिढी बदलल्यामुळे. ज्यांनी पारा खाल्ला होता ते मासे एकेक करून मेले आणि स्वच्छ खाणं मिळालेली पिल्लं त्यांच्या जागी मोठी झाली. व्हाइटफिश खूप वर्षं जगतात, म्हणून त्यांचा आकडा तेवढा मागे राहिला.